कार्यपद्धतीलाच प्रश्न विचारा

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. वाडीतली भाजी नि फुलं बाजाराला धाडून ज्यांनी तुमची फी भरली, त्या आईवडिलांचंही अभिनंदन.

तुम्ही संगणकशास्त्र शिकलात, म्हणून आज एकाच गोष्टीवर बोलतो. एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यातून पुढे एसक्यूएल ही भाषा आली आणि साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची सोय झाली. पण काम कसं चालावं हे ठरवणाऱ्या कार्यपद्धतीला प्रश्न कोणी विचारायचा?

आपल्या भुईगावचंच उदाहरण घ्या. वडील गेले की वाडीच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करायची असते. तलाठ्याकडे अर्ज जातो, फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीची 15 दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आलीच, तर प्रकरण वादग्रस्त नोंदींकडे वळतं आणि सुनावणी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधल्या कलम 150 चा याला आधार आहे.

किती फेरफार प्रलंबित आहेत, हे एसक्यूएल क्षणात सांगेल. पण लग्न होऊन गास गावी गेलेल्या बहिणीला नोटीस न निघताच नोंद प्रमाणित होईल, अशी एखादी वाट या रचनेत उरली आहे का? जुन्या नोंदी चाळून ते कळेलही, पण तोवर सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव सुटलेलं असेल. हा प्रश्न प्रणाली सुरू होण्याआधीच विचारला पाहिजे.

त्यासाठीच्या भाषा संशोधकांनी घडवल्या आहेत. कात्रिएल बीरी, तोवा मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली बीपी-क्यूएल मांडली. तिच्यात प्रश्नही कार्यपद्धतीसारखाच आकृतीत काढायचा: एक चौकट ‘नोंद’, दुसरी ‘प्रमाणन’, मधे कितीही पायऱ्या. एखाद्या पायरीच्या पोटात दुसरी प्रक्रिया दडली असेल, तर तिच्यातही शिरता येतं. कामात फेरे असले की वाटा अगणित होतात; म्हणून उत्तरही आटोपशीर आकृतीतच मिळतं. पुढच्याच वर्षी अहमद अवाद यांनी बीपीएमएन-क्यू मांडली. तिच्यात ‘नोटीस ही पायरी वगळून जाणारी वाट दाखव’ असं सरळ विचारता येतं. वाट सापडली नाही, तर रचना त्या बाबतीत निर्धोक. सापडली, तर दोष कुठे आहे ते डोळ्यांसमोर येतं.

यंत्र मात्र विचारलं तेवढंच शोधतं. बहिणीची आठवण ज्याला आहे, तोच हा प्रश्न लिहील. शिवाय रचना निर्दोष असली तरी नोटीस खरोखर हातात पडली का, हे गावात जाऊनच पाहावं लागतं.

तुमच्यातले पुष्कळजण उद्या बँकांसाठी, इस्पितळांसाठी, सरकारी खात्यांसाठी प्रणाली बांधतील. त्यातल्या प्रत्येक चौकटीमागे कोणीतरी रांगेत उभं असणार आहे. काम सोपवण्याआधी स्वतःच्या रचनेला एक प्रश्न जरूर विचारा: यातून कोणाचा हक्क डावलला जाण्याची वाट आहे का? सापडली, तर ती बुजवा आणि मगच सही करा.