काळीतील सौर प्रकल्प आणि त्यांचा पाया



महाराष्ट्राच्या खेड्यात 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द पूर्वापार चालत आले आहेत. काळी ही पिकाची जमीन, पांढरी ही वस्तीची. काळीत उभारलेली भिंत काही पावसाळ्यांतच तडकते, हे पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी हाती घेतलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे आता या काळीत आणि तिच्या शेजारच्या मुरमाड माळांवर पोलादी खांबांच्या रांगा उभ्या राहत आहेत. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरसाल ३ टक्के वाढ ठरविण्यात आली. प्रकल्पाचे आयुष्य साधारणपणे पंचवीस वर्षांचे धरतात. एवढी वर्षे खांब जागेवर राहावयाचे, तर त्यांच्या पायाचा, म्हणजे पाइलचा, विचार आधी व्हावयास हवा.

पाया म्हटला की भार पेलण्याची कल्पना मनात येते. येथे गोष्ट उलटी आहे. पाइलला पॅनेल पेलावयाचे नसून जमिनीशी धरून ठेवावयाचे असते. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुणे व नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, तर नागपूरसाठी ४४ मीटर दिला आहे. ३९ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. अडीच चौरस मीटरच्या पॅनेलचे वजन तीस किलोच्या आसपास, आणि त्यावर वाऱ्याचा जोर दोनशे किलोंहून अधिक! उंची व उतार यांनुसार हा आकडा बदलतो; पण वादळात घरावरचे पत्रे का उडतात, ते यावरून ध्यानी यावे.

त्यात काळ्या मातीचा स्वभाव निराळा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगताना ती पाइलला कवटाळून वर ओढते. इमारतीचे वजन या ओढीला काही अंशी आवर घालते; हलक्या पॅनेलला ते साधत नाही. म्हणून वरच्या थरातील पकड हिशेबात धरू नये, खरी पकड खालच्या स्थिर थरात शोधावी. यासाठी रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल विकसित केली. तिच्या तळाशी दांड्याच्या साधारण अडीच पट व्यासाचा फुगवटा असतो. तो मातीत नांगरासारखा रुतून बसतो. काळ्या मातीचा थर खोल असेल तेथे अशी पाइल निदान ३.५ मीटर खोल असावी, असे मानक २९११ सांगते.

मुरमाड माळावर अडचण वेगळी. यंत्राने ठोकलेला खांब दगड लागताच अर्ध्यावर अडतो. मग वरचा भाग कापून उंची सारखी करण्याचा मोह होतो. वरून पाहणाऱ्यास रांग सरळच दिसते. उणीव पहिल्या मोठ्या वादळात उघडी पडते. तेथे आधी छिद्र पाडून, खांब बसवून काँक्रीट भरणे हाच मार्ग आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात पोलाद गंजण्याचा धोका विशेष. तेथे मातीतील क्षार तपासूनच जस्ताच्या लेपाची जाडी ठरवावी.

एकाच गटात बांधाच्या अलीकडे काळी आणि पलीकडे मुरूम असू शकतो. त्यामुळे एका खड्ड्यावरून साऱ्या शेताचा निर्णय करणे उचित नव्हे. पाइल वर खेचून पाहण्याची चाचणी तर प्रत्येक प्रकारच्या मातीत घ्यावी. भर मे महिन्यात सुकून दगडासारखी झालेली काळी उत्तम निकाल देते. तीच श्रावणात लोण्यासारखी होते. म्हणून माती भिजवून चाचणी घेणे इष्ट. चाचणीचे साहित्य फारसे नसते. तिकाटणे, जॅक आणि पाइल किती मिलिमीटर हलली हे दाखविणारा डायल गेज, एवढ्यावर काम भागते. ही चाचणी चालू असताना जमीनमालकाने आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी तेथे उभे राहून तो काटा पाहावयास काहीच हरकत नाही.