कपाटाची किल्ली मागा, मैत्रिणींनो

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, शेळ्या, शिलाई मशीन यांवर बोलतो. आज पोरींच्या हातांबद्दल बोलू.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या शाळेत दर शनिवारी जालन्याहून डिप्लोमाची चार मुलं-मुली यायची. मानधन नाही, एसटीचं भाडंसुद्धा पदरचं. सातवी-आठवीला कोडिंग शिकवायला. रोबोट म्हणजे चालता-बोलता पुतळा असेल, असं मला वाटलं होतं. टेबलावर बघते तर मातीची कुंडी, तारा, छोटी मोटर आणि तळहाताएवढा निळा बोर्ड. त्याला अर्डुइनो म्हणतात. विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून २००५ साली इटलीत तो तयार झाला.

"हा रोबोट?" मी विचारलं. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "ताई, जो बाहेरचं काही ओळखतो, त्यावरून ठरवतो आणि मग काम करतो, तो रोबोट. काय ठरवायचं ते आपण लिहून द्यायचं, तेच कोडिंग." माती कोरडी असेल तर मोटर चालू, ओली असेल तर बंद. एवढंच लिहायचं होतं. आपण सुनेला सांगतो ना, पापुद्रा सुटला की भाकरी उलट; तसंच. फरक एवढाच, की सून समजून घेते, बोर्ड समजून घेत नाही. लिहिलं तेवढंच करतो.

पहिल्या शनिवारी तारा पोरांच्या हातात आणि वह्या पोरींच्या हातात. अक्षर चांगलं म्हणून पोरी लिहून घेत बसल्या. दुसऱ्या शनिवारी त्या ताईने नियम केला: दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, तारा प्रत्येकाच्या हातात आल्या पाहिजेत.

त्या दिवशी गंमत झाली. ओल्या कुंडीत मोटर सुरू, कोरडीत बंद! पोरं म्हणाली, मोटर खराब आहे. आमच्या गटातल्या एका बाईची लेक गप्प बसून आकडे बघत होती. ती म्हणाली, "माती कोरडी असली की आकडा मोठा येतोय. आपण मोठा म्हणजे ओली धरलंय." तिने एकच खूण उलटी केली. मोटर बरोबर चालली. त्या घरच्या मोसंबीला दर उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. पाणी कधी द्यायचं हा प्रश्न त्या पोरीला पुस्तकातला नव्हता.

तिसऱ्या शनिवारी ती आलीच नाही. आई म्हणाली, "ताई, कपाशी कोण येचील? अन् हे शिकून पोरीच्या जातीला काय करायचंय?" बाईचं चुकत नव्हतं, मजूर मिळत नव्हते. विषय बैठकीत घेतला. ठरलं, की शनिवारचे दोन तास कुणीच पोरीला वेचणीला न्यायचं नाही आणि त्या घरी दोघींनी आळीपाळीने हात लावायचा. पुढच्या शनिवारी पोरगी परत आली.

मैत्रिणींनो, खेड्यात हे जमत नाही असं म्हणू नका. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. काम करत शिकायचं, हे त्याचं सूत्र. तिथेच २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. सरकारची अटल टिंकरिंग लॅब योजनाही आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि तिथे शिकवायला विनामोबदला मार्गदर्शकही येतात.

पण एका शाळेत मी बघितलं, सगळं सामान कपाटात कुलूपबंद. "मुलं मोडतील." आपण नवी ताटं पाहुण्यांसाठी जपतो तसं! न हाताळता कुणाला काय येणार?

म्हणून सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला. नुसती सही करून येऊ नका. तीन प्रश्न विचारा. शाळेत असं सामान आहे का? कपाट आठवड्यातून किती वेळा उघडतं? आणि तारा जोडताना पोरींचे हात असतात का, की त्या फक्त लिहून घेतात?

सामान नसेल, तर जवळच्या कॉलेजच्या मुलांना बोलवा. त्यांच्या जेवणाची सोय गटाने केली तरी पुष्कळ झालं.

ती पोरगी आता आईला म्हणते, मोसंबीला असंच बसवू. जमेल तेव्हा जमेल. पण घरातली मोटर बिघडली, तर आधी तिला हाक मारतात.