टँक धुणाऱ्याचे काय?

खाऱ्या पाण्याच्या टँकचा नाद लागलेल्या मित्रहो,

अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, तो घेतो. दिवे सुधारले, मीठ महागले, घरी वाढवलेले फ्रॅग, म्हणजे प्रवाळांचे तुकडे, बाजारात भरपूर दिसू लागले. आढावा संपला.

आता ज्यासाठी इतकी वर्षे थांबलो ते बोलतो. आपल्या अधिवेशनांत क्षारतेवर भाषणे होतात, कॅल्शियमवर होतात, प्रोटीन स्किमरवरून तर हमरीतुमरी होते. टँक धुतो कोण, हा प्रश्न मात्र या व्यासपीठावर कधी आलेला नाही. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये मालक सोफ्यावर बसून टँक बघतो. खांद्यापर्यंत हात आत घालतो तो सर्व्हिसचा पोरगा. खडक तो घासतो, बादली मोरीत तो ओततो आणि ती मोरी दुसऱ्या दिवशी घरकामाच्या मावशी घासतात. त्या खडकावर काय वाढलेले असते, हे या दोघांना कोणी सांगितलेले नसते.

वाढलेले असतात प्रवाळांचे भाऊबंद झोआ आणि पॅली. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे, ते योग्यच आहे, त्या वाटेला कोणी जाऊ नये. झोआ मात्र मऊ, चिवट, नवशिक्यालाही जमणारे. आपल्या मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीला ते उघडे पडलेले दिसतात. यांतल्या काहींत, विशेषतः पॅलीत, पॅलिटॉक्सिन असते. हवाई बेटांवरच्या हाना गावाजवळच्या एका डबक्यातून 1961 साली संशोधकांनी पॅलीचे नमुने गोळा केले. त्या डबक्याला हात लावू नये अशी तिथल्या लोकांची जुनी समजूत होती. नमुने घेतले त्याच दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेच्या इमारतीला आग लागली! योगायोग म्हणा. विष मात्र योगायोग नव्हता. 1971 साली मूर आणि शॉयर यांनी ते वेगळे करून दाखवले. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. हे विष त्याला चिकटले की त्या पंपाचा उघडा नळ होतो. स्नायू, फुप्फुसे, हृदय, सगळ्यांना फटका बसतो. उतारा आजही नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात.

आता आपल्यातला लाडका वाद. एक पक्ष म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्ये वाढवलेल्या फ्रॅगमध्ये विष उरत नाही. दुसरा पक्ष रंग बघून विषारी-बिनविषारी ठरवतो. दोघांनाही दादरच्या एका फ्लॅटमधली गोष्ट सांगतो. तिथली पॅली फ्रॅगच्या फ्रॅगचा फ्रॅग होती, समुद्र तिने कधी बघितला नव्हता. दिसायला मळकट तपकिरी, कोणी फुकट दिली तरी घेऊ नये अशी. सगळ्या खडकावर पसरली म्हणून मालकाने फर्मान काढले, खडक उकळून काढ. भर श्रावणातला दिवस, खिडक्या बंद, गॅसवर मोठे पातेले. पोरगा वाफेत तोंड घालून जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने पॅली खरवडत होता. संध्याकाळी त्याचे तोंड कडू पडले, जिभेवर धातूची चव आली. रात्री हुडहुडी, खोकला, छातीत दुखणे. पावसाळ्यात थंडी वाजून ताप म्हटल्यावर दवाखान्यात आधी मलेरियाची तपासणी झाली. ती निगेटिव्ह आली, तेव्हा ‘व्हायरल’ म्हणून घरी पाठवला. त्याच्या भावाचा मला फोन आला तेव्हा त्याला धड वाक्य बोलता येत नव्हते. इस्पितळात मी पॅलिटॉक्सिन हे नाव कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवले. ते बिचारे वाचत बसले, पण ऑक्सिजन वेळेवर लागला, पोरगा वाचला. मालकाचे म्हणणे काय, तर ‘पावसात भिजला असेल.’

माझ्यापुरता वाद त्या रात्री मिटला. प्रयोगशाळेतल्या तपासण्याही हेच सांगतात. शेजारी शेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत अशा दोन वसाहतींपैकी एकीत विष ठासून भरलेले सापडते, दुसरीत जवळपास काही नाही. रंगावर जाणाऱ्यांनी रत्ने विकावीत, पॅली विकू नये.

उकळण्याचे खूळ तर आधी बंद करा. उकळत्या पाण्याने हे विष मोडत नाही, उलट वाफेच्या तुषारांवर बसून ते घरभर फिरते. 2018 साली इंग्लंडमधल्या स्टीव्हेंटन गावात टँकमधले प्रवाळ घासून साफ केल्यावर एक अख्खे कुटुंब रुग्णालयात दाखल झाले. अलास्कातल्या अँकरेजमध्येही घरच्या टँकमुळे माणसे आजारी पडल्याची नोंद आहे. प्रेशरचा फवारा, कोरडा ब्रश, खडक उन्हात वाळवून खरवडणे, हे सगळे त्याच रांगेत.

मग करायचे काय? पॅली कापायची तर पाण्याखाली कापा, कापताना ती पिचकारी मारते आणि ती नेमकी डोळ्यात जाते. म्हणून चष्मा नव्हे, डोळ्याला घट्ट बसणारा गॉगल. हातात नायट्राइलचे मोजे, बोटाला चीर असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याने करावे. काढलेली पॅली, ब्लेड, बादली, सगळे घरगुती ब्लीचच्या द्रावणात बुडवा, एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, किमान अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. आणि पंप साफ करायला आणलेले व्हिनेगर त्याच बादलीत ओतू नका, क्लोरीन वायू सुटेल. हातमोज्यांनी ‘हाताचा अंदाज जातो’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांना मी इतकेच विचारतो, अंदाज तुमच्या हाताचा, मग हात पोराचा का?

मराठीत एक पुस्तिका काढावी, दुकानांत तक्ते लावावेत, डॉक्टरांच्या संघटनेशी बोलावे, असे मनात आहे. कोण करणार, कधी, ते कार्यकारिणी बसून ठरवील. एक गोष्ट मात्र कार्यकारिणीवर सोडत नाही. सर्व्हिसच्या बिलात गॉगल, मोजे आणि ब्लीच यांची रक्कम वेगळी लिहिली जावी, ती मालकाने भरावी आणि पुढच्या अधिवेशनातले पहिले सत्र टँक धुणाऱ्या पोरांचे असावे, असा ठराव मी मांडतो. ज्यांचा विरोध असेल त्यांनी इथेच उभे राहून बोलावे. जेवणाच्या पंगतीत मी उत्तर देणार नाही.