सर्व्हरमध्यें प्रोसेसर कसा बसवावा

शहापूर तालुक्यांतील शेणव्याहून मुरबाडमार्गें माळशेज घाट चढून गेलें म्हणजे जुन्नर तालुका लागतो. तेथें खोडद गांवीं व त्याच्या आसमंतांत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशांतून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपीत असतात. या लहरींचें गणित मांडण्यास प्रचंड संगणनशक्ति लागते. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं राष्ट्रास अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकीं एक या दुर्बिणीच्या संशोधनासाठीं आहे. १९८८ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेनें त्याचा पाया असलेला ‘रुद्र’ सर्व्हर घडविला.

सर्व्हर म्हणजे अनेकांचीं कामें एकाच वेळीं करणारा, बहुधा रात्रंदिवस चालणारा संगणक. त्यांतील प्रोसेसर हिशेब करतो. पण त्याला जागेवर बसवितात ते मनुष्याचे दोन हात. त्या जागेस सॉकेट म्हणतात. इंटेलच्या एका सर्व्हर-सॉकेटाचें नांवच ३६४७ या आंकड्यावरून पडलें आहे. कारण तळहातांत मावेल एवढ्या जागेंत तितके स्पर्शबिंदु असतात. त्यांतील एक पिन वांकली तरी काम बिघडूं शकतें.

म्हणून खरें काम पेटी उघडण्यापूर्वींच सुरू होतें. नवा प्रोसेसर त्या मदरबोर्डास चालतो काय, हें पुस्तिकेंत पाहावें. बायोस जुनें असल्यास जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच तें अद्ययावत् करावें. दोन प्रोसेसर लावावयाचे असल्यास ते एकाच जातीचे असावे. नंतर सर्व्हर रीतसर बंद करावा. मोठ्या सर्व्हरला वीजपुरवठ्याच्या दोन तारा असतात; एक काढून दुसरी विसरणें धोक्याचें. दोन्ही काढून मदरबोर्डावरील दिवा विझेपर्यंत थांबावें.

दुसरा शत्रु डोळ्यांना दिसत नाहीं. हिंवाळ्याच्या कोरड्या हवेंत लोकरी कपडा काढतांना जी ठिणगी उडते, तीच स्थितिक विद्युत्. सुमारें ३००० व्होल्टपर्यंत ती माणसास जाणवतही नाहीं. परंतु त्याच्या लहानशा अंशानेंही नाजूक भाग निकामी होऊं शकतो. यासाठीं मनगटास पट्टा बांधून त्याची तार भूसंपर्क असलेल्या धातूस जोडावी.

प्रोसेसर नेहमीं कडांनीं धरावा. त्याच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटावरील खुणेशीं जुळवून तो सरळ खालीं ठेवावा; दाबूं नये, सरकवूं नये. जात्याची वरची तळी मधल्या खुंटीवर सरळ उतरवावी लागते, जोर करून चालत नाहीं, तसेंच हें. नीट बसला नाहीं तर सरळ उचलून पुन्हां खूण पाहावी. कांहीं रचनांत प्रोसेसर प्रथम हीटसिंकच्या चौकटींत अडकवून मग दोन्ही एकत्र उतरवितात. तेथें पुस्तिकेचाच क्रम प्रमाण मानावा.

हीटसिंक लावतांना जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी बेतानें लावावी. स्क्रू क्रमांकानुसार, थोडे थोडे आंवळावे. एकच कोपरा आधीं घट्ट केल्यास भार तिरका पडतो.

शेवटीं सर्व्हर सुरू करून दोन्ही प्रोसेसर, संपूर्ण स्मृति व तपमान तपासल्याशिवाय काम झालें असें म्हणूं नये. वांकलेल्या पिनेमुळें यंत्र बंदच पडतें असें नाहीं. तें चालतें, पण स्मृतीचा एखादा भाग हरवलेला असतो, आणि दोष पुष्कळ दिवसांनीं उघडकीस येतो.

शेणव्याच्या शेतकऱ्याचा सातबारा आज संगणकावर मिळतो. तोही कोठें तरी एका सर्व्हरांतच असतो. पीककर्जासाठीं तो उतारा हवा असतो, तेव्हां यंत्र बंद असल्यास हेलपाटा त्याचाच होतो. शहापूर-मुरबाडकडील जे तरुण या धंद्यांत शिरतील, त्यांनीं घाईच्या वेळीं या शेतकऱ्याचें स्मरण ठेवावें. पट्टा बांधण्यास एक मिनिट लागतें. तें वांचविण्याचा अधिकार त्यांना नाहीं.