हवालदारबाबांचं दुकान
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



हवालदारबाबांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आम्हाला आज्ञा झाली आहे. नव्या पिढीला बाबा माहीत आहेत ते शिलाई मशीन दुरुस्त करणारे म्हणून. पण हे माणूस पंधरा वर्षं महार मशीनगन रेजिमेंटमध्ये होतं.

इंग्रज सरकारने १८९२ साली आपल्या लोकांची लष्करभरती बंद केली. बंद झाला तो नुसता पगार नव्हे. पेन्शन गेली, छावणीतली शाळा गेली. सुभेदार रामजीबाबा महूच्या लष्करी शाळेचे हेडमास्तर होते, हे ध्यानात घ्या. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, ती १९२१ मध्ये मोडली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली. बाबा त्याच साली भरती झाले.

गावगाड्यात आपल्या वाट्याला काय होतं? सांगावे पोचवा, मेलेली ढोरं ओढा. सुताराला किकरं होतं, लोहाराला भाता होता. आपल्या हातात काठी आणि दोरी. त्या हातात व्हिकर्स गन आली. नळीभोवती सुमारे चार लिटर पाणी, २५० गोळ्यांचा कापडी पट्टा. गन अडली की बाजूचा दांडा कुठं थांबला ते बघून बिघाड ओळखायचा, तोही समोरून गोळ्या येत असताना.

१९४७ च्या फाळणीत महार पलटणींनी पंजाबात निर्वासितांचे काफिले सांभाळून आणले. बाबा त्यात होते. त्याविषयी ते बोलत नसत. आम्ही फार खोदून विचारलं की तेलाची कुपी शोधायला लागायचे.

पलटणीतून सुटून आल्यावर बाजारात गाळा बघितला. मालकाने बयाणा घेतला आणि आडनाव कळल्यावर परत केला. मग बाबांनी घराच्या ओट्यावरच पाटी लावली. मशीन आलं की लगेच पेचकस लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. चाक हाताने सावकाश फिरवायचं, कुठं अडतं ते बोटांना कळू द्यायचं. शटलमध्ये दोरा गुंतलाय, दातांखाली पूड साचलीय, की सुईच उलटी बसवलीय! आम्हाला म्हणायचे, "दांडा तोच रे, फक्त गोळी नाही."

ज्या घरांत आपल्यासाठी पेला वेगळा असे, त्या घरांची मशिनंही ओट्यावर यायची. मजुरी सगळ्यांना सारखी. विधवा बाईची तेवढी वहीत मांडायचे, आणि ती वही पुन्हा उघडायचे नाहीत.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वस्तीतली पोरं शिकायला ओट्यावर बसली की आईबाप ओढून न्यायचे. शिपायाची का होईना, सरकारी नोकरी पाहिजे! आज त्या नोकऱ्या किती उरल्या, ते घरोघरी बेकार बसलेल्या मुलांना विचारा.

बाबा आता नाहीत. त्यांची हत्यारपेटी घरच्यांनी विहाराला दिली आहे. येत्या रविवारपासून सकाळी नऊला आम्ही दोघं-तिघं ती उघडून बसणार आहोत. मुलींनीही यावं. कुणाकडे बंद पडलेलं मशीन असेल तर भंगारात घालू नका, इकडे आणा. जयभीम.