बिनतारी मार्गाची निवड
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्यापैकी अनेकांची मुलेमुली येथे बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे आराखडे करण्याच्या उद्योगात आहेत. त्यांच्यापुढे वारंवार उभा राहणारा एक प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. उपकरणाने आपली माहिती बिनतारी पाठवावयाची, तर ती कोणत्या पद्धतीने? ब्लूटूथ, वाय-फाय, लोरा, की मोबाइलचे जाळे?

दूरचा पल्ला, मोठा वेग आणि विजेची काटकसर हे तिन्ही गुण एका पद्धतीत पुरेपूर सापडत नाहीत. म्हणून आधी उपकरणाचे काम नेमके ठरवावे आणि मग पद्धत निवडावी.

समजा, कूर्गच्या एखाद्या कॉफीच्या मळ्यात जमिनीतील ओल मोजणारे यंत्र बसवावयाचे आहे. झाडी दाट, वीज जवळ नाही, मालकाचे घर किलोमीटरभर दूर. आणि तासाला दोन-चार आकडे पोहोचले म्हणजे काम भागते.

नाण्याएवढ्या बटनसेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास साठा असतो. वर्षाचे तास ८,७६०. तो वर्षभर पुरवावयाचा, तर सरासरी २५ मायक्रोअँपिअरच खर्चता येतात. वाय-फायला संदेश पाठविताना शंभराहून अधिक मिलिअँपिअर लागू शकतात, म्हणजे चार हजार पट! २०१० साली आलेले कमी विजेचे ब्लूटूथ काटकसरी खरे. पण एवढ्या झाडीतून त्याचा निभाव लागणे कठीण. लोरा अतिशय मंद, परंतु मोकळ्या जागी तिचा पल्ला काही किलोमीटर असतो. झाडीत तो घटतो. तरीही ८६५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी २,४०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षा पानांतून अधिक सहज जातात. क्षणभर संदेश धाडून उरलेला तास यंत्राने निजून काढावा, आणि त्याला बटनसेलहून मोठा सेल द्यावा. येथे लोराच योग्य.

मात्र परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलू नये. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त आहे. अमेरिकेतील पट्टा ९०२ ते ९२८चा.

मोबाइलचे जाळे निवडणाऱ्याने त्या जाळ्याचे आयुष्यही पाहावे. अमेरिकेत एटी अँड टीने २०२२ साली थ्रीजी बंद केले. आपल्याकडे एअरटेलने २०२० साली थ्रीजी बंद केले, पण जुने टूजी चालू ठेवले! दहा वर्षे चालावयाच्या यंत्राचा अशा वेळी दोष नसतानाही आवाज बंद होतो.

तरुण मित्रांनो, प्रयोगशाळेतील टेबलावर संदेश पोहोचला, एवढ्यावर समाधान मानू नका. ओली पाने लहरी अधिक शोषतात. म्हणून यंत्र ऐन पावसाळ्यात मळ्यात नेऊन पाहा. तुमची निवड चुकली, तर चिखल तुडवीत सेल बदलावयास जाणार तो मळेवालाच, आणि पैसेही त्याचेच गेलेले असणार.