पावसाळ्यात कॅमेरा का बंद पडतो?

आगाशी, निर्मळ, अर्नाळा, भुईगाव या पट्ट्यात आता बऱ्याच वाड्यांत विहिरीपाशी कॅमेरा दिसतो. पंपाची तांब्याची केबल रात्रीतून कापून नेतात, केळीचे घड जातात, म्हणून तो बसवावा लागला. पण चोरीची भीती जास्त कधी? धो धो पावसाच्या रात्री. आणि नेमका तेव्हाच कॅमेरा बंद! गेल्या पावसाळ्यात अर्नाळ्याकडच्या एका वाडीत हेच झालं. सकाळी पाहतात तो पंपाची ४० फूट केबल गायब आणि मोबाइलवर नुसता काळा पडदा. मालक म्हणाले, "साहेब, कॅमेराच टाकाऊ निघाला. नवीन घेतो." मी म्हटलं, "काका, आधी जोड उघडून बघू."

जोडावर काळ्या टेपचे सात-आठ वेढे होते. टेप सोडली तर आतून पाणी ओघळलं. बंधूंनो, ही टेप पाणी अडवत नाही, आत शिरलेलं कोंडून मात्र ठेवते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तसे प्लगचे दाते हिरवे पडले होते. यात आणखी एक गोष्ट आहे. या एकाच तारेतून चित्रही येते आणि कॅमेऱ्याला सुमारे ४८ व्होल्टची वीजही जाते. ओलावा, खारा वारा आणि दिवसरात्र चालू असलेली वीज एकत्र आली की दाते झपाट्याने खाल्ले जातात.

दुरुस्ती करताना प्रथम घरातल्या स्विचची पिन बोर्डातून काढावी. कडाडत असेल तर शिडीवर चढूच नये. खराब प्लग कापून टाकावा. केळीचा कंद कुजला तर निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत आपण तासतो, तसेच इथे करावे. आतले तांबे काळे किंवा ओले दिसले तर आणखी वीतभर कापावे, लखलखीत कोरडे तांबे लागेपर्यंत. पाणी केबलच्या आतून पुष्कळ लांब जाते. वर कॅमेरा आणि खाली घर असेल तर ते थेट पेटीपर्यंत उतरते, म्हणून खालचे टोकही तपासावे.

नवा प्लग खटका खाली आणि तार घालायचे तोंड आपल्याकडे करून धरावा. डावीकडून तारा अशा लावाव्यात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही हाच क्रम हवा. बाहेरचे जाड आवरण प्लगच्या आत दाबले गेले पाहिजे, नाहीतर वाऱ्याने तारा निसटतात. यासाठी क्रिम्पिंगची पक्कड लागते. ती चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून घ्यावी, एकट्याने कशाला?

कॅमेऱ्याच्या शेपटीचे सॉकेट हिरवे असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन हलक्या हाताने साफ करावे. पूर्ण वाळू द्यावे. दाते झिजून तुटले असतील तर ती शेपटीच बदलावी लागते.

मग जोड उघड्यावर सोडू नये. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पेटीत ठेवावा. केबल पेटीत खालूनच न्यावी आणि आत जाण्याआधी तिला खाली लोंबता बाक द्यावा. पागोळी जशी कौलाच्या टोकाला गळते, तसे पाणी त्या बाकाच्या तळाशी गळून जाते. पेटीच्या बुडाला बारीक भोक ठेवावे, पण त्यावर जाळी हवी. मुंग्या घर करतात हे मी दोनदा पाहिले आहे! सीलिंगसाठी सिलिकॉन घेताना वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये, ते सुकताना तांब्याला खाते. दुकानात 'न्यूट्रल' सिलिकॉन मागावे.

केबल कापून तोकडी पडली तर तारा पिळून जोडू नका. पेटीच्या आत जोडणारा कपलर वापरा. स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. वाडीसाठी केबल घेताना बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची मागा. घरात वापरायची केबल उन्हाने तडकते आणि तडकलेल्या जागेतून पाणी आत जाते.

काकांचा कॅमेरा त्याच दुपारी सुरू झाला. नवीन घ्यावा लागला नाही. पंपाची केबल मात्र नवी घ्यावी लागली. तेव्हा मे महिन्यात, विहिरीवरचा स्टार्टर तपासाल त्याच दिवशी, हा जोडही एकदा उघडून बघा.